अंतूअण्णांनी उठवलेली स्थगिती

अंतूअण्णा वकील बोलायला उभे राहिले की चिकोडीच्या कोर्टात आधी पंख्याची दोरी ओढणारा जागा व्हायचा, मग पट्टेवाला, मग अण्णांचाच अशील आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजानं, न्यायाधीश. आवाज असा की बेळगावच्या कोर्टात त्यांनी घसा खाकरला तर येळ्ळूरच्या गडावरची वानरं हात जोडून उभी राहायची. आमच्या बेळगुंदीचे म्हातारे शपथेवर सांगत की श्रावणातली झड आणि अंतूअण्णांचं भाषण यांत फरक एवढाच, झड कधी ना कधी उघडते.

आणि एवढा आवाज ठेवला होता कुठं, तर मूठभर माणसात. पावसाळ्यातल्या कौलासारखा हिरवट पडलेला काळा कोट, रुमाल आणि छत्री. वारं जोरात असलं की छत्री त्यांना नेते आहे का ते छत्रीला, हे लांबून कळायचं नाही. घराणं मूळचं निपाणीचं, तंबाखूच्या व्यापारातलं. धंदा भावांकडं गेला, अण्णांच्या वाटणीला तपकीर आली. डाव्या नाकपुडीत चिमूट गेली तर अण्णा तडजोडीला तयार आहेत आणि उजव्या नाकपुडीत गेली तर समोरच्या वकिलानं घरी निरोप पाठवावा, असं बाररूममध्ये चालत आलेलं होतं. शिंकेबद्दल मी काही सांगत नाही. सांगितलं तर वाढवून सांगतो असं लोक म्हणतील. कोर्टाची कौलं मात्र वरचेवर बदलावी लागत, एवढं खरं.

मी तेव्हा बेळगावात शाळामास्तर होतो आणि अण्णांच्या घरामागच्या बोळात राहत होतो, म्हणून त्यांची वकिली मला भिंतीपलीकडून फुकट ऐकायला मिळे. अशील समोर बसला की ‘तुमचा हक्क काय’ असं ते कधी विचारत नसत. विचारायचे, “सकाळी उठल्या उठल्या काय खटकतंय?” आणि हे पहिल्या भेटीत विचारून सोडायचे नाहीत, दर तारखेला नव्यानं विचारायचे. कागदावरचं दुखणं जागचं हलत नाही, माणसाचं हलतं, असं त्यांचं म्हणणं.

खडेबाजारातले दोन शेजारी सामाईक भिंतीवरून हमरीतुमरीवर आले होते. नकाशे झाले, मोजणी झाली. अण्णांनी आपल्या अशिलाला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “खरं सांगू अण्णा? त्येचा कोंबडा आमच्या खिडकीकडं तोंड करून आरवतोय.”

“आन् भिंत?”

“भिंतीचं काय, ती गप उभी आसती.”

अण्णा तडक शेजाऱ्याकडं गेले. संध्याकाळी दोघं शेजारी हातात हात घालून आले आणि दोघांनी मिळून फी म्हणून तोच कोंबडा अण्णांच्या ओसरीवर सोडला. दावा मिटला, आमच्या बोळाची पहाटेची झोप मात्र त्या कोंबड्याच्या हयातीपर्यंत गेली. काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोला म्हणाल्या, “दुसऱ्या वकिलांकडं गेलेली भांडणं शिकतात, मोठी होतात, त्यांना नातवंडं होतात. ह्यांच्याकडं आलेली बारशाआधीच जातात. संसार कसा व्हायचा?”

अशा माणसाकडं मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन गेलो.

गोदाआक्का सदलग्याला दिलेली. तिच्या सासरी तिघे भाऊ. थोरला रावजी, मधले आमचे दाजी आणि धाकटा मारुती. दाजींनी जिवंतपणीच वेगळी चूल मांडली होती आणि ते दूधगंगेच्या काठची मळी, म्हणजे नदीच्या गाळाची काळीभोर जमीन, आपल्या वाट्याला घेऊन कसायला लागले होते. त्या मळीत काठी रोवली तर काठीला कणीस यायचं. दाजी ऐन उमेदीत गेले, पदरी मूलबाळ नाही. आणि दिवस घातले न घातले तोच दोघे दीर म्हणायला लागले, वाटणी झालीच नव्हती, सगळं एकत्रच होतं. वैनीनं दोन वेळा जेवावं आणि गोठ्यालगतच्या खोलीत गप राहावं.

मी म्हटलं, “आक्का, चल बेळगुंदीला.”

ती म्हणाली, “सणाला येतो की रं. पावणी म्हणून येतो. बोचकं घिऊन न्हाय यायची.”

म्हणजे तिला काय हवं होतं ते उघड होतं. नवऱ्याची मळी, आणि तिच्यावर स्वतःच्या नावानं पेरणी. ते नसलं तर जन्मभर कुणाच्या तरी दारातला घास.

अण्णांनी तिच्या वतीनं चिकोडीच्या कोर्टात दावा लावला. आणि पहिल्याच फटक्याला समोरच्या वकिलानं बेळगावचा कागद काढून दाखवला. दोघा दिरांनी आपापसात सगळ्या इस्टेटीच्या वाटणीचा दावा आक्काच्या आधीच बेळगावला लावून ठेवलेला होता. त्यात ती मळीही घातलेली, आणि आक्कालाही नावापुरतं प्रतिवादी केलेलं. मळी एकत्रातली की दाजींची वेगळी, हाच प्रश्न तिथंही होता. चिकोडीच्या न्यायाधीशांनी हुकूम दिला, आधीचा दावा निकालात निघेपर्यंत हा दावा स्थगित.

आक्का कोर्टाच्या पायरीवर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी कायद्याला, कोर्टाला आणि बेळगाव ते चिकोडीच्या सगळ्या रस्त्याला शिव्या दिल्या. अण्णा शांत. उलट म्हणाले, “कोर्टानं बरोबर केलं.”

“अण्णा, तुम्ही आमचे वकील की त्यांचे?”

“तुमचाच. आक्का, डोळं पुसा आन् ऐका. एकाच मळीचा निकाल दोन कोर्टांनी दिला, एकानं सांगितलं तुमची, दुसऱ्यानं सांगितलं दिराची, तर सुगीला काय करायचं? कणसालाच इचारायचं, बाबा तू कुणाचं? म्हणून मागनं आलेल्यानं थांबायचं. ही रीत चांगली हाय.”

“किती थांबायचं?” आक्कानं विचारलं.

“आता बरोबर इचारलासा.” अण्णा तिच्याशेजारी पायरीवरच बसले. “समजा, एका माणसानं एका न्हाव्यापुढं डोकं धरलं आन् मागनं दुसऱ्यालाबी बोलावलं. दुसऱ्यानं थांबायलाच पायजे, न्हायतर दोन वस्तरे एका डोक्यावर, कान कुणाचा जाईल सांगता येत न्हाय. खरं का न्हाय? पण पहिला न्हावी अर्धं डोकं करून वस्तरा घिऊन जत्रंला गेला, आन् परत यायचं चिन्ह न्हाय. मग दुसऱ्यानं काय त्या अर्ध्या डोक्याकडं बघत जन्म काढायचा? थांबायचं ते येणाऱ्यासाठी. जो येतच न्हाय त्याच्यासाठी थांबणं म्हंजे थांबणं न्हवं, ते गाडून घेणं.”

आक्का हसली नाही, पण उठली. मला वाटतं, त्या स्थगितीतून ती पुढं निभावली ती त्या अर्ध्या डोक्याच्या आधारावर.

आता पहिला न्हावी कसा काम करत होता ते सांगतो. बेळगावच्या दाव्यात तारीख पडे आणि रावजी पुढची तारीख मागे. कधी साक्षीदाराला ताप, कधी नदीला पूर. रावजीची एकुलती एक आजी तर जवळजवळ प्रत्येक तारखेला नव्यानं वारायची, आणि तेरावं आटोपून पुढच्या तारखेसाठी तयार असायची. अण्णा हरकत घ्यायला उभे राहत. पण आक्का पडली नावापुरती प्रतिवादी, खऱ्या भांडणातला मारुती उठून नम्रपणे म्हणायचा, “आमची काय हरकत न्हाय.” दोन्ही बाजू राजी, तर न्यायाधीश तरी काय करणार? आणि इकडं मळीतलं पीक दर सुगीला दोघा दिरांच्या खळ्यावर पडत होतं. आक्का गोठ्यालगतच्या खोलीतून त्या गाड्या जाताना बघत होती.

एकदा परतताना अण्णा मला म्हणाले, “मास्तर, सख्खं भाऊ कोर्टात आले की एकमेकाचं तोंड बघत न्हाईत. ही दोघं एकमेकाला खुर्ची देतात. ह्यांचं भांडण कधीच मिटलंय, दावा तेवढा जागा धरून बसलाय. खुर्चीवर पटका टाकून ठेवल्यासारखा.”

“मग कोर्टाला सांगा की!”

“सांगू काय? गोडीनं बोलणं हा काय पुरावा हाय?”

त्या वर्षी कर्नाटकी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, झाला आणि आक्का पुढच्या तारखेला बेळगावला आली. अण्णांनी पानाचं तबक पुढं सरकवत नेहमीचा प्रश्न टाकला, “आक्का, सकाळी उठल्या उठल्या काय खटकतंय?”

आता इतकी वर्षं आक्का एकच सांगत आली होती, मळीवरून येणारा औताचा आवाज. त्या दिवशी ती म्हणाली, “दारातला गुलाल.”

“कसला गुलाल?”

“बेंदराचा. थोरल्यांच्या आन् धाकट्यांच्या बैलानं कर तोडली की. मुद्दाम माझ्या दारावरनं मिरवत नेली. झाडून काढला तरी रोज सकाळी उंबऱ्याच्या फटीत दिसतोय मेला.”

कर म्हणजे बेंदराच्या संध्याकाळी वेशीत आडवं बांधलेलं पानांचं तोरण. बैलांच्या जोड्या जुंपून पळवायच्या, ज्या जोडीनं आधी तोडलं तिचा वर्षभर गावात मान. सदलग्यात पोराचं लग्न पुढं ढकलतील, पण करीचा बैल तयार करायचं ढकलणार नाहीत.

अण्णांची चिमूट नाकाशी जाता जाता थांबली. “थोरल्याच्या आन् धाकट्याच्या म्हंजे? दोन जोड्या?”

“एकच जोडी. एक ह्येचा, एक त्येचा.”

“हे आधी का न्हाय सांगितलं?”

“बैल आमच्या दाव्यात न्हाईत न्हवं?”

चिमूट उजव्या नाकपुडीत गेली. त्यानंतरच्या शिंकेनं माझ्या खोलीतली दौत कलंडली, असं माझी बायको आजही सांगते.

स्थगिती उठवावी म्हणून अण्णांनी चिकोडीत अर्ज केला. समोरच्यांनी रावजीचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं, आम्ही दोघे भाऊ हाडवैरी आहोत, एकमेकांच्या दारात पाणी पीत नाही, बेळगावचा दावा आम्ही जिवापाड लढवत आहोत. अण्णांनी परवानगी घेऊन रावजीला पिंजऱ्यात बोलावलं. रावजी अंगानं असा की पिंजऱ्यात शिरला तेव्हा पिंजराच त्याच्या अंगावर घातल्यासारखा दिसला.

अण्णांनी त्या दिवशी आवाज इतका खाली उतरवला होता की दोरी ओढणारा घाबरून जागा झाला.

“रावजी, बेंदूर बरा झाला का?”

“झाला की.”

“न्हाय, मी ऐकलं यंदा करीचा मान पाटलाच्या जोडीला गेला. वाईट वाटलं.”

समोरचा वकील उठला. “याचा या अर्जाशी काय संबंध?”

“काडीचा न्हाय,” अण्णा म्हणाले. “त्यांना सांगायचं नसलं तर ऱ्हावू दे. हरल्याचं कोण सांगतंय.”

“कोण हरलं?” पिंजरा करकरला. “पाटलाच्या बैलास्नी आमच्या जोडीचं शेपूट तेवढं दिसलं! इचारा सदलग्यात कुणालाबी!”

“आमची जोडी म्हंजे तुमच्या दावणीची दोन्ही?”

“उजवीला माझा हौश्या, डावीला मारत्याचा पाखऱ्या!”

“एका जुवाला?”

“मग काय दोन जुवाला पळवू?”

समोरचा वकील रावजीला डोळ्यांनी खुणावत होता, पण बैलाचं कौतुक तोंडात आलेल्या माणसाला वकील दिसत नसतो. अण्णा मान हलवत म्हणाले, “मला न्हाय पटत. दोन दावणीची बैलं ऐन सणाला जुंपली तर एक वेशीकडं वडंल, एक वड्याकडं.”

“वो वकीलसाब, सणाला कोण जुंपतंय! वर्षभर एकत्र चालिवलीत, तवा कुठं पाय जुळलं!”

“कुठं चालवली?”

“कुठं म्हंजे? मळीत!”

कोर्टात एक माशी होती, तीही बसली.

न्यायाधीश धारवाडकडचे होते, कर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. हाडवैऱ्याच्या जुवाला आपला बैल देणारा शेतकरी कृष्णेपासून मलप्रभेपर्यंत जन्माला आलेला नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तेव्हा कुठं अण्णांनी आपला खरा आवाज काढला. त्यांचं म्हणणं एवढंच, एका प्रश्नाला दोन उत्तरं नकोत म्हणून स्थगिती असते. एकही उत्तर मिळू नये म्हणून नसते. पहिल्या कोर्टात प्रश्न विचारणाराच उरला नसेल तर दुसऱ्या कोर्टानं कुणाची वाट बघायची? हेच ते अर्ध्या डोक्याचं म्हणणं, इंग्रजी कोट घालून आलेलं.

न्यायाधीशांनी शहाणपणाचा हुकूम दिला. पुढच्या तारखेच्या आत बेळगावचा दावा पुराव्याला लागला नाही तर चिकोडीतली स्थगिती उठली असं समजावं.

मग काय मौज! भावांना आता खरंच भांडणं भाग पडलं. बेळगावला मारुतीला पिंजऱ्यात उभं केलं, रावजीनं काय काय अन्याय केला ते सांग म्हणून. मारुतीनं छताकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाला, “दादा तसा देवमाणूस हाय.” त्याच्या वकिलानं तिथल्या तिथं कपाळाला हात लावला. दोघांनी दावा मागं घेतला, चिकोडीतली स्थगिती उठली, आक्काचा दावा चालला. दाजींनी वेगळी चूल मांडल्याचं आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांनी सांगितलं आणि मळी आक्काच्या हाती आली.

निकालाच्या दिवशी मी अण्णांच्या पाया पडायला वाकलो, तर अण्णा जागेवर नाहीत. बाहेर पिंपळाखाली रावजीपाशी उभे. मला वाटलं आता डिवचणार. ते विचारत होते, “रावजी, हौश्याला चारता काय हो? बैल लई नामी म्हणतात.” आणि तो डोंगराएवढा माणूस, दावा हरलेला, डोळे पुसत पुसत सरकी-पेंडीचं प्रमाण सांगत होता. पुढं रावजीनं आक्काला त्रास दिला नाही, यात कोर्टाच्या हुकुमाचा वाटा किती आणि त्या पिंपळाखालच्या बोलण्याचा किती, मला सांगता येणार नाही. मी मास्तर आहे, पण ही वजाबाकी मला येत नाही.

त्यानंतरच्या शाळूच्या पेरणीला आक्कानं अण्णांना बोलावणं धाडलं. चाड्यावर, म्हणजे पेरायच्या औताच्या, कुरीच्या, ज्या वाडग्यातून बी सरीत पडतं त्यात, पहिली मूठ अण्णांनीच धरायची. अण्णांनी येतो म्हणून कळवलं. मी आदल्या दिवशीच सदलग्याला गेलो होतो. ठरल्या दिवशी सकाळी बैल जुंपून तयार, बी तयार आणि अण्णांचा पत्ता नाही. ऊन तापायला लागलं. आजूबाजूच्या रानात पेरण्या उरकल्या. कुरी धरणारा गडी म्हणाला, “आक्का, ओल उडाय लागलीया. उद्या बी कोरड्यात पडंल.” मीही म्हटलं, “आक्का, अण्णांना कोर्ट सुटलं नसेल. धर तू मूठ.”

“थांबायचं,” आक्का म्हणाली.

त्या दिवशी कुरी हलली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा गाडीवाटेनं एक छत्री येताना दिसली. मोटार संकेश्वराजवळ बंद पडली होती, तिथून मिळेल त्या गाडीनं अण्णा निपाणीला, आणि निपाणीहून छकड्यातून इथं. थांबलेली कुरी बघितल्याबरोबर त्यांनी छकड्यातूनच सुरुवात केली. नदीपलीकडच्या गावातली माणसं कुणाकडं भांडण लागलं म्हणून घराबाहेर आली असतील.

“आक्का! वाफसा चाललाय आन् कुरी उभी? जन्मभर मी बोंबलत आलो, न येणाऱ्यासाठी थांबू नका म्हणून! आन् तुमीच?”

आक्कानं पदर सावरला. “न येणाऱ्यासाठी कुठं थांबलो? तुमी तर आलासा.”

“न्हाय आलो असतो म्हंजे?”

“न्हाय येणार असता तर निरोप आला असता. निरोप न्हाय म्हंजे माणूस वाटंला लागलाय. वाटंला लागलेल्यासाठी थांबायचं, हेबी तुमीच सांगितलं न्हवं?”

अण्णांनी तोंड उघडलं. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत. पण आतून काही आलंच नाही. काठावरच्या बगळ्यांनी माना वर करून पाहिलं, इतकी ती शांतता नवी होती. मग अण्णा अगदी हळू म्हणाले, “कबूल.”

मला ते दिसले ते शेवटचे. माझी बदली खानापूरकडं झाली आणि पुढच्या हंगामाआधी ते गेल्याचं कळलं. आठवतात ते मात्र त्या उन्हातले. जोडे बांधावर काढून ठेवलेले, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगात तो हिरवट कोट. रिवाजाप्रमाणं एक तास, म्हणजे बांधापासून बांधापर्यंतची एक ओळ, पेरून मूठ आक्काच्या हाती द्यायची होती. पहिला तास संपला, अण्णांनी मूठ सोडली नाही. बैल वळले, त्यांच्याबरोबर अण्णाही वळले आणि दुसऱ्या तासाला लागले. बी कुठं दाट पडत होतं, कुठं पडतच नव्हतं. गडी हसत होता, आक्का बांधावर उभी राहून डोळे पुसत होती आणि “असू दे, पडू दे” म्हणत होती. छकडेवाला ओरडला, “वकीलसाब, निपाणीची मोटार चुकतीया!” अण्णांनी मागं वळून न बघता मोकळा हात वर करून हलवला. थांब म्हणाले की जा म्हणाले, ते कुणाला कळलं नाही. कुरी पुढं चालली होती आणि तिच्यामागं ते.